काळी-पिवळी, १/२४ : क्लिअर आणि पॉलिशच्या नोंदी

१४ सप्टेंबर २०२४

गौरी-गणपती बोळवले, मुंबईची माणसं गाडीत बसली, घर शांत झालं. पडवीतलं टेबल पुन्हा मोकळं मिळालं, म्हणून आज टॅक्सीचं मॉडेल डब्यातून बाहेर काढलं.

आतापर्यंतचं काम थोडक्यात. गाडी प्रीमियर पद्मिनी, प्रमाण १/२४. खरी गाडी ३९३० मिलिमीटर लांब, म्हणजे माझी साधारण १६४. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २३४० चं साडेसत्त्याण्णव. बॉडी रेझिनची, प्रिंट करून मागवलेली. प्रिंटच्या थरांच्या रेषा घासण्यात मार्च आणि एप्रिल गेले, ते पुन्हा लिहीत नाही. पांढरा प्रायमर, त्यावर टपाचा पिवळा, मग टप झाकून खालचं सगळं काळं. पिवळा रंग अंगाने पातळ असतो, खाली पांढरं नसेल तर मळकट दिसतो, म्हणून तो आधी. पाऊस लागायच्या आधी मेअखेर रंग उरकला आणि पावसाळाभर गाडी झाकणाच्या डब्यात ठेवली.

ही गाडी बाबांसाठी आहे. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. लालबागच्या खोलीतून रोज पाळीला जाणारे बाबा घरी बसले. दोन वर्षांनी टॅक्सी चालवायचा बॅज मिळवून ते टॅक्सीवर बसले, ते गावी परत येईपर्यंत. गेल्या वर्षी ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. पेपरातली ती बातमी बाबांनी कापून देवघराच्या फडताळात ठेवली. त्याच आठवड्यात मी हे काम ठरवलं.

दसरा १२ ऑक्टोबरला आहे. टॅक्सीवाल्यांचा दसरा म्हणजे गाडी धुऊन, पॉलिश करून, झेंडूचा हार. तोवर क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, आणि पॉलिश पूर्ण करायचं.

२२ सप्टेंबर

क्लिअर कोणता, यावर आठवडा गेला.

गाड्यांच्या गॅरेजमध्ये वापरतात तो दोन डब्यांचा, हार्डनर मिसळायचा क्लिअर सर्वांत कडक आणि सर्वांत चमकदार. तो मी नाकारला. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसांना घातक, आणि आमच्या पडवीला दार नाही, मागच्या खोलीत आई झोपते. शिवाय आयसोसायनेट ओलाव्याशी स्वतःच प्रक्रिया करतं, त्यातून वायू सुटतो आणि थरात बुडबुडे धरू शकतात. मालवणात वायरीला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, उघडलेला हार्डनरचा डबा किती दिवस चांगला राहणार?

पाण्यातला अ‍ॅक्रिलिक क्लिअर सौम्य आहे, पण तो मऊ राहतो आणि घासताना कागदाला चिकटतो. काळ्या गाडीला तो पुरणार नाही.

शेवटी मिस्टर हॉबीचा लॅकर, म्हणजे थिनर उडून सुकणारा क्लिअर, जीएक्स १०० सुपर क्लिअर थ्री. सोबत त्यांचाच लेव्हलिंग थिनर, ज्यात रिटार्डर असतो, म्हणजे तो सावकाश उडतो. इथल्या हवेत हा सावकाशपणा मला हवाच आहे. वासासाठी गाळणीचा मास्क आणि खिडकीत एक्झॉस्ट. लॅकर लावताना आई शेजारच्या घरी जाऊन बसणार, तसं ठरलं आहे.

नंबराच्या डेकलची, म्हणजे छापील पातळ चिकटचित्राची, एक जास्तीची पट्टी भंगार पत्र्यावर लावून वर ओला लॅकर मारून बघितला. डेकल सुरकुतलं. तेव्हा गाडीवर पहिले दोन हात धुक्यासारखे, जवळजवळ कोरडे, आणि ते सुकल्यावरच ओला हात.

२८ सप्टेंबर

धुक्याचे दोन हात झाले. क्लिअर एक भाग, थिनर दीड भाग, दाब १५ पीएसआय, एअरब्रशची सुई ०.३ ची. डेकल जागेवर, सुरकुती नाही. पृष्ठभाग खरखरीत दिसतो आहे, तो तसाच दिसायला हवा.

कॉम्प्रेसरच्या पाणी धरायच्या सापळ्यात अर्ध्या तासात चमचाभर पाणी जमलं. दर दहा मिनिटांनी ते सोडायचं, नाहीतर त्याचा एक थेंब एअरब्रशमधून थेट टपावर येतो.

६ ऑक्टोबर

आज चुकलो, आणि चूक घाईची आहे.

दसऱ्याला सहा दिवस राहिले म्हणून कामावरून आल्याआल्या संध्याकाळी सात वाजता ओला हात मारायला घेतला. दुपारी परतीच्या पावसाची सर येऊन गेली होती. बाबा ओट्यावरून म्हणाले, "पावसात रंग मारूक घेतलंस? येडो झालंस काय?" मी म्हटलं, पाऊस थांबलाय. आर्द्रतामापकाकडे बघितलं, ८८ टक्के, तापमान २९. बघूनही मारला.

बॉनेट आणि टप आरशासारखे ओले दिसले. दोन-तीन मिनिटं. मग काळ्यावर दुधाची साय धरावी तसं पांढुरकं पसरत गेलं, आधी दारांच्या फटींपाशी, मग सगळ्या बाजूंवर. टपावर ते कळलंसुद्धा नाही, पिवळा फक्त फिका झाला. काळ्यावर मात्र गाडी राखेत लोळवल्यासारखी दिसू लागली.

कारण कागदावर साधं आहे. थिनर उडताना पृष्ठभागातली उष्णता घेऊन जातो, पृष्ठभाग हवेपेक्षा थंड होतो. २९ अंश आणि ८८ टक्के म्हणजे दवबिंदू, दव धरायला लागतं ते तापमान, जवळपास २७. रंगाचा थर दोन-अडीच अंशांनी जरी थंड झाला, तरी हवेतलं पाणी त्यावर दव होऊन बसतं आणि लॅकरमध्येच अडकतं. लॅकर एवढं थंड सहज होतं, रिटार्डर असला तरी. हे मला माहीत होतं, या वहीत मार्चमध्ये लिहूनही ठेवलं होतं.

७ ऑक्टोबर

गाडी रात्रभर पेटीत ठेवली. पेटी म्हणजे आंब्याचं लाकडी खोकं, आत ४० वॅटचा पिवळा बल्ब, वर झाकण आणि बाजूला भोकं. आतलं तापमान ३८ ते ४० राहतं. त्याहून जास्त गरम केलं तर पातळ रेझिनचे खांब वाकतील.

सकाळी साडेअकराला नुसत्या लेव्हलिंग थिनरचा अगदी हलका फवारा मारला. थिनरने थर पुन्हा मऊ झाला, अडकलेलं पाणी निघून गेलं आणि काळा रंग डोळ्यांदेखत खालून वर आला. बॉनेट, दारं, डिकी स्वच्छ. दारांच्या फटींत आणि काचेच्या चौकटीच्या कोपऱ्यात अजून दुधाळ रेघ आहे. तिथे पुन्हा थिनर मारला तर तो साचून डेकल उठेल, म्हणून थांबलो.

दसऱ्याला गाडी पूर्ण होत नाही.

१२ ऑक्टोबर, दसरा

तशीच अर्धवट गाडी बाबांसमोर पाटावर ठेवली. बाबांनी तिला झेंडूच्या दोन पाकळ्या वाहिल्या, आपट्याचं पान ठेवलं, आणि मग चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले.

त्यांनी विचारलं, हे वरचं पाण्यासारखं कशाला? मी क्लिअर समजावला: रंगावर पारदर्शक थर, घासायचा तो थर, खालच्या रंगाला हात लागत नाही. ते म्हणाले, "आमच्या टायमाक क्लिअर-बिअर काय नव्हता. काळो मारायचो, वरसून पॉलिश. दसऱ्याच्या आदल्या रातीक फडको घेऊन बसलंय की पहाटेपर्यंत हात काळे."

हे खरंच आहे. त्या काळच्या गाड्यांना एकेरी रंग होता, रंगच स्वतः चमकायचा. उन्हात वरचा पापुद्रा निस्तेज झाला की पॉलिश त्याला कापून काढायचं, आणि तो फडक्यावर उतरायचा. फडका काळा होतोय म्हणजे काम होतंय, अशी त्यांची खूण.

माझी खूण नेमकी उलटी. माझा फडका काळा झाला, तर क्लिअर संपून मी रंगात घुसलो. हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही.

२० ऑक्टोबर

फटींतल्या दुधाळ रेघा २००० नंबरच्या वॉटर पेपरची दुमडलेली घडी फिरवून काढल्या, आणि आज पुन्हा ओले हात. या वेळी वेळ निवडून.

गेले दहा दिवस तासातासाला आर्द्रता लिहिली. सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो, पण रात्रीचं दव नऊपर्यंत हवेतून जात नाही. दुपारी दीड-दोननंतर खारा वारा चढतो आणि मापक पुन्हा वर सरकतो. अकरा ते एक या वेळात मतलई पडलेला असतो आणि खारा लागलेला नसतो. आज बारा वाजता ३३ अंश, ५८ टक्के. दवबिंदू २४ च्या आसपास, म्हणजे हातात नऊ अंश. कोकणात लॅकर मारायचा तर तो ऑक्टोबरपासून पुढे, या दोन तासांत. पावसाळ्यात मारूच नये असं माझं आता ठाम मत आहे.

अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने तीन हात, शेवटच्यात थिनर दुप्पट. थर काचेसारखा बसला. फक्त बॉनेटवर एका जागी चार बारीक खड्डे पडले, माशाच्या डोळ्यासारखे गोल, मधोमध रंग उघडा. तिथे क्लिअर आपणहून बाजूला सरला होता. तेल. सकाळी बाबांनी डोक्याला खोबरेल लावून गाडी उचलून बघितली होती, चार बोटं नेमकी तिथेच. त्यांना बोललो नाही. चूक माझी, मारण्याआधी भांड्यांच्या साबणाने धुऊन घ्यायची होती. खड्डे सुकल्यावर घासून, धुऊन, पुन्हा भरेन. आता गाडी कोणाच्या हातात द्यायची तर खालच्या काठीला धरून.

२ नोव्हेंबर

बॉनेटचे खड्डे २६ तारखेला भरले. त्यानंतर काही केलेलं नाही, फक्त वाट बघतो आहे.

लॅकर हाताला सुकतो तासाभरात. आतला थिनर बाहेर पडायला आठवडे लागतात, आणि तो जाताना थर आक्रसतो. त्याआधी पॉलिश केलं तर आज आरसा दिसतो आणि पंधरा दिवसांनी खालचे ओरखडे, डेकलची कड, सगळं वर येतं. माझ्या पहिल्या दोन गाड्यांची चमक अशीच उतरली. कसोटी एकच: डब्याचं झाकण उघडून नाक लावायचं. आज दिवाळीच्या फराळाच्या वासातही थिनर स्पष्ट आला. अजून नाही.

१६ नोव्हेंबर

वास गेला. रोज रात्री पेटीत चार तास, आज डब्यात फक्त लाकडाचा वास. घासायला सुरुवात.

साहित्य: २००० आणि २५०० चे वॉटर पेपर कुडाळच्या गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून, पुढचे मायक्रोमेशचे स्पंज कुरिअरने. मायक्रोमेशचे आकडे दुकानातल्या पेपरच्या आकड्यांशी जुळत नाहीत. त्यांचा ३२०० आपल्या २००० पेक्षा खरखरीत लागू शकतो, म्हणून नवा तुकडा आधी भंगार बॉडीवर फिरवून बघावा. पेपर रात्रीच पाण्यात भिजत घातला, पाण्यात साबणाचा एक थेंब. विहिरीचं पाणी दुहेरी पंचातून गाळून घेतलं. जांभ्याच्या रस्त्यावरून चिऱ्यांचे ट्रक जातात तेव्हा बारीक लाल धूळ पाण्यावरसुद्धा बसते. त्यातला एक कण पेपरखाली आला की बॉनेटभर चरा.

आधी सगळ्या कडांवर, मडगार्डच्या धारांवर, दारांच्या फटींच्या दोन्ही बाजूंनी दीड मिलिमीटरची मास्किंग टेप. धारेवर क्लिअर सर्वांत पातळ बसतो आणि बोटाचा दाब सर्वांत जास्त पडतो. मग रबराच्या तुकड्यावर पेपर, एकाच दिशेने, दाब जवळजवळ नाही. दर पाच-सहा हातांनी पुसून, कोरडं करून, तिरक्या उजेडात बघणं. संत्र्याच्या सालीसारखा बारीक पोत असतो, त्यातले उंचवटे आधी निस्तेज होतात आणि खळगे ठिपक्यांसारखे चमकत राहतात. शेवटचा चमकता ठिपका गेला की पृष्ठभाग सपाट. तिथेच थांबायचं, एकही हात जास्त नाही.

खरं समाधान टपाच्या कडेला मिळालं. पिवळा आणि काळा जिथे भेटतात तिथे टेपमुळे रंगाची पायरी राहते, नखाला लागते. आज ती क्लिअरच्या खाली गाडली गेली. डोळे मिटून बोट फिरवलं तर पिवळा कुठे संपला ते कळत नाही.

बाबा स्टूल घेऊन शेजारी बसले होते. पेपरवरून उतरणारं पाणी पांढरं. ते बघत होते. "मगे तुझो फडको काळो कसो होणा नाय?" मी म्हटलं, तो पांढरा आहे तोपर्यंतच सगळं ठीक, बाबा.

१७ नोव्हेंबर

काळा झाला.

मागच्या उजव्या मडगार्डची उंच धार. टेप ओली होऊन उचलली गेली होती आणि मला कळलं नाही. पाण्यात एक करडी रेघ आली, मी लगेच हात उचलला. तीन मिलिमीटर लांब, केसाएवढी. प्रायमरपर्यंत गेलेलं नाही.

दुरुस्ती: तेवढ्या जागेवर काळ्याचा पातळ फवारा, वर क्लिअर, आणि क्लिअरच्या कडांवर नुसता थिनर, म्हणजे नवा थर जुन्यात मिसळून जाईल. दुपारी साडेबाराला, ३२ अंश, ५४ टक्के. पुन्हा पेटी, पुन्हा वाट.

संध्याकाळी हिशेब मांडून बघितला. खऱ्या गाडीवर क्लिअरचा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन असतो. त्याला २४ ने भागलं तर दोन मायक्रॉन. एवढा पातळ थर घासताच येणार नाही. म्हणजे मॉडेलवरचा प्रत्येक क्लिअर प्रमाणाबाहेर जाड असतो, आणि म्हणूनच दारांच्या फटी भरून गोल होतात, गाडी साखरेच्या पाकात बुडवल्यासारखी दिसते. फटी मी प्रायमरच्या आधीच जास्त खोल कोरल्या होत्या, त्या आता बरोबर दिसतात. पुढच्या वेळी एक ओला हात कमी मारेन.

२४ नोव्हेंबर

कामासाठी सावंतवाडीला गेलो होतो. एका कारागिराकडे खरादावर लाखकाम बघत अर्धा तास उभा राहिलो. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाने ती वितळते, रंग लाकडावर चढतो आणि त्याच उष्णतेने गुळगुळीत होतो. घासणं नाही, सुकणं नाही, खेळणं उतरवलं की चमकतं.

तीच उष्णता माझ्या गाडीचा नाश करील. छोट्या मोटरवर फोमचं चाक लावून पॉलिश करायचा विचार होता, तो सोडला. लॅकर घर्षणाने मऊ होतो, ओढला जातो, आणि मोटर आपल्याला ते उशिरा सांगते. सगळं हाताने.

१ डिसेंबर

मायक्रोमेश ४००० ते १२०००, काल आणि आज. प्रत्येक नंबराला आधीच्याच्या काटकोनात फिरवलं, म्हणजे मागच्या नंबराचे ओरखडे पूर्ण गेले की नाही ते दिसतं. मध्ये एकही नंबर गाळला नाही. गाळला तर तो ओरखडा पुढचा कोणताच नंबर काढू शकत नाही आणि शेवटी पॉलिशचं कंपाउंड त्यावर नुसतं तेल फासल्यासारखं बसतं.

मग तामियाचं कंपाउंड, लाल टोपणाचं जाड सोडून निळं आणि नंतर पांढरं. प्रत्येकाला वेगळा फडका. आईच्या जुन्या सुती साडीचे तुकडे धुऊन ठेवले होते, विकतच्या कापडापेक्षा मऊ. वाटाण्याएवढं कंपाउंड, छोटी वर्तुळं, शेवटी गाडीच्या लांबीच्या दिशेने सरळ हात. काळ्यावर वर्तुळं राहिली तर उन्हात जाळ्यासारखी दिसतात.

मेण लावलेलं नाही. अजून फॉइल, दिवे, वायपर चिकटवायचे आहेत, मेणावर काही चिकटत नाही.

रात्री बॉनेटवर वाकून बघितलं. ट्यूबलाइटची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जाते, कुठेही थरथरत नाही. मडगार्डची दुरुस्ती कुठे केली ते मलाही शोधावं लागलं. बाबांना हाक मारली. ते आले, वाकले आणि त्यांना बॉनेटमध्ये स्वतःचा चेहरा दिसला. काही बोलले नाहीत. गेले आणि तोंड धुऊन, शर्ट घालून परत आले.

७ डिसेंबर

काचांच्या भोवती आणि बंपरला चिकट अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावलं. क्रोमचं शाईपेन क्लिअरखाली मरतं, म्हणून ही सगळी चमकदार कामं क्लिअरनंतरच. फॉइल कापायला प्रत्येक रेघेला नवं पातं, नाहीतर ते फाटतं आणि पातं क्लिअरमध्ये घुसतं.

बाबा आता रोज बसतात. आज त्यांनी काठीला धरून गाडी उजव्या बाजूने वळवली आणि चालकाच्या दारावर, काचेच्या खालच्या कडेवर नख टेकवलं. "हय चमक नव्हती रे. हय माझो हात आसायचो."

पंचवीस वर्षं, खिडकीवर कोपर. कितीही पॉलिश केलं तरी तिथला रंग मुका राहायचा, आणि दर दसऱ्याला त्यांना तो खुपायचा. मी विचारलं, ठेवायचा का तसा? ते थोडा वेळ गप्प राहिले. मग हो म्हणाले.

खरं कोपर आणि त्यापुढचा हात दहा सेंटिमीटर धरला तर माझ्या दारावर चार मिलिमीटर. बाकी सगळं झाकून तेवढ्या जागेवर ३००० चा ओला तुकडा तीनदा फिरवला. मास्किंग काढलं. तिथे उजेड थांबतो, पुढे पुन्हा पळतो. त्या जागेवर मेण लावणार नाही.

राहिलं मीटर. ते डाव्या बाजूला बॉनेटजवळ बाहेर बसतं, त्याचं भोक रंगाच्या आधी पाडायचं राहिलं होतं. पॉलिश झालेल्या क्लिअरमध्ये ०.५ चं ड्रिल घालणं म्हणजे तडा जाण्याची भीती. आधी सुईने क्लिअर टोचून घेतला, वर टेपचा तुकडा, मग ड्रिल बोटांनी उलटं फिरवून सुरुवात आणि नंतर सुलटं. कड स्वच्छ राहिली. चिकटवायला पांढरा गोंद, कारण फेविक्विकसारख्या गोंदाची वाफ क्लिअरवर धुकं धरते.

मीटरचं पातं वेगळं आहे, तीन मिलिमीटरचं. बाबांना विचारलं, उभं लावू की पाडलेलं?

"उभोच ठेव. अजून गिऱ्हाईक बसूचा आसा."

पातं उभं लावलं. गोंद सुकेपर्यंत डब्याचं झाकण उघडं ठेवलं आहे.